पान उलटणारी

अरुणाने तिसऱ्या पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरून किंचित मुडपला, मग पाचव्याचा, मग सातव्याचा. पियानोवादकाच्या डाव्या अंगाला बसायचे, वेळ आली की उठायचे, वरून हात नेऊन तो कोपरा पकडायचा आणि पान फिरवून पुन्हा बसायचे, एवढेच काम. ते कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्याचे राहते, त्याने ते वाईट केलेले असते.

दुपारचे चार वाजले होते. रंगमंचामागच्या खोलीत ती एकटीच होती आणि भिंतीपलीकडे खुर्च्या मांडल्या जात होत्या. सभागृहाला स्वतःचा पियानो नव्हता. तो सलमाबादच्या एका गोदामातून, लग्नातले सोफे आणि नादुरुस्त एसी यांच्या संगतीतून, भाड्याने आला होता. सकाळी तो उतरवून घेणारा कैलास मूळचा खटावचा, बारा वर्षे इथे आखातात ट्रक चालवणारा. एसी आतापासूनच चालू ठेवा, नाहीतर तारा उतरतील, असे अरुणाने बजावले तेव्हा त्याने पियानोकडे नव्या आदराने पाहिले होते.

"ह्याला एसी लागतोय म्हना की, म्याडम," तो म्हणाला होता. "आमच्या रूमचा दोन म्हयनं बंद हाय."

आज दिवसभरात तिच्याशी कोणी बोललेले ते एकमेव शहाणे वाक्य होते.

वरुण चाफेकर आला तो कार्यक्रमाची पत्रके घेऊन. तो एका बँकेत जोखीम विभागात होता आणि इथल्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक कार्यवाहही होता. दोन्ही कामे तो एकाच वृत्तीने करी. पत्रकावर संगीतकार म्हणून हायडनच्या जागी मोझार्ट छापला होता. अरुणाने त्या नावावर बोट ठेवले तेव्हा त्याने खुलासा केला की मोझार्ट लोकांना माहीत असतो.

"काकू, एक छोटी रिक्वेस्ट होती. तालीम ऐकली मी मघाशी. तो पहिला पोर्शन संपतो आणि स्पृहा परत पहिल्यापासून तोच वाजवते. सेम टू सेम."

"तसं लिहिलेलं आहे."

"हो, पण लोकांना वाटेल चुकली म्हणून परत सुरू केलं. शिवाय चीफ गेस्टना सहाला निघायचंय. तीन मिनिटं वाचतात आपली."

अरुणाने चष्मा काढला आणि तो पदराने नव्हे, खास त्यासाठी बाळगलेल्या कापडाने पुसला.

"मंगलाष्टकांत 'शुभमंगल सावधान' किती वेळा म्हणतात, वरुण? एकदाच म्हणून लग्न लावा. नाहीतर वधूला वाटायचं, भटजी चुकले."

वरुण मनापासून हसला. उपरोध हसून घेतला की तो निकामी होतो, हे त्याला नोकरीने शिकवले होते.

स्वरलिपीत त्या पहिल्या भागाच्या शेवटी दोन उभ्या रेघा असतात आणि त्यांच्या अलीकडे दोन ठिपके. अठराव्या शतकातल्या वाचकाला एवढे पुरे होते: मागे फिरा, सुरुवातीपासून पुन्हा वाजवा, मगच पुढे जा. या दोन ठिपक्यांवर अरुणाने एकोणीस वर्षे घालवली होती. सोनाटा या रचनाप्रकाराच्या तीन अंगांसाठी तिने प्रस्तुती, विस्तार आणि पुनरागमन असे शब्द मराठीत घडवले होते, आणि दुसऱ्या खेपेला स्वर तेच असले तरी ऐकणारा तो उरलेला नसतो, या एका विधानाभोवती चारशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. पुण्यातल्या प्रकाशकाने तो 'अत्यंत मौलिक' ठरवून परत पाठवला. इथल्या ज्या संगीतवर्गात ती शिकवत असे, त्याच्या मालकाने तिच्या विद्वत्तेचा उपयोग जाहिरातीत करून घेतला होता: मुलांना मोझार्ट ऐकवा, गणित सुधारेल. तिचा व्हिसा त्याच नोकरीवर होता आणि जूनमध्ये संपणार होता. गणित न सुधारल्याची तक्रार नव्हती; तक्रार करायला विद्यार्थीच उरले नव्हते.

तिचा नवरा शैलेंद्र गेल्याला चार वर्षे झाली होती. तुबलीच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी खिडकी उघडली की खालच्या गॅरेजमधून पत्रा ठोकण्याचा आवाज येई. तो आवाज ठेक्यात नसतो, ही त्याच्याविषयीची तिची मुख्य तक्रार होती. निदान तो येत असतो, हे ती कबूल करत नसे. व्हिएन्नाहून लेकीचा, स्पृहाचा, फोन रविवारी येई. आधी तासभर चालणारे बोलणे सहा वर्षांत अकरा मिनिटांवर आले होते आणि त्यातली चार हवामानाची होती. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या फोनवर स्पृहाने, मंडळात वाजवायला येतेय, पानं तू उलटशील ना, असे विचारले तेव्हा अरुणाने ताबडतोब होकार दिला नाही. वेळ आहे का ते बघून सांगते, असे म्हणून तिने फोन ठेवला आणि मग बराच वेळ ती रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली. लेकीने सहा वर्षांत तिच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

स्पृहा हात चोळत आत आली. वरुणने तिला इंग्रजीत सगळे पुन्हा समजावले आणि तो व अरुणा दोघेही तिच्याकडे पाहू लागले.

अरुणाला वाटले, आता ती सांगेल. दहाव्या वर्षी हीच मुलगी एका परीक्षकाला म्हणाली होती की पुन्हा वाजवू द्यायचे नसेल तर मी वाजवतच नाही; आणि त्या परीक्षेत नापास होऊन, आईचा हात धरून, विजयी मुद्रेने घरी आली होती.

"इट्स फाइन, आई," स्पृहा म्हणाली. "स्किप इट. तीन मिनिटांसाठी कशाला?"

"ठीक आहे," अरुणा म्हणाली. "म्हणजे तिसरं पान संपलं की मी उलटते."

"हं."

वरुणने दोघींचे आभार मानले. तो गेल्यावर स्पृहा काही बोलेल म्हणून अरुणाने मुडपलेले कोपरे पुन्हा एकदा तपासले. स्पृहा बोटे मोडत आरशात पाहत होती.

सव्वापाचला दोघी रंगमंचावर गेल्या. निवेदिकेने मोझार्टच्या जन्मगावाची माहिती सांगितली आणि हायडनचा सोनाटा सुरू झाला. दोन्ही हातांचे भरदार, गर्विष्ठ स्वरसमूह. मग, एवढा थाट करून आपण काय सांगणार होतो ते विसरल्यासारखी एक शांतता. मग त्याच थाटाची खट्याळ नक्कल. हायडन विनोद करतो तेव्हा चेहरा गंभीर ठेवतो. त्या सभागृहात त्याचा एक विनोद एकाच माणसाला कळला आणि त्या माणसाला हसण्याची परवानगी नव्हती.

स्पृहा उत्तम वाजवत होती. अरुणाने शिकवल्याहून चांगले, आणि काही ठिकाणी अरुणाने शिकवले त्याच्या विरुद्ध. अरुणाची नजर ओळीमागून ओळ पुढे सरकत होती. पान उलटायच्या वेळी वादक मान हलवून खूण करतो. अरुणाने आयुष्यात कधी त्या खुणेची वाट पाहिली नव्हती. खुणेची वाट पाहणाऱ्याला वाचता येत नाही, असे तिचे मत होते. तिसऱ्या पानाची शेवटची ओळ आली. दोन रेघा दिसल्या, दोन ठिपके दिसले. ती उठली, कोपरा धरला आणि पान निर्दोष उलटले.

स्पृहाचे हात मागे फिरले. सुरुवातीचे ते भरदार स्वर पुन्हा वाजले.

अरुणा अजून अर्धवट उभीच होती. समोर चौथे पान उघडे होते आणि पियानोवर दुसरे, म्हणजे सुरुवातीचे, पान वाजत होते. पहिल्या रांगेत कोणीतरी शेजारच्याला म्हणाले, "चुकली वाटतं." विंगेत वरुणने मनगट वर करून घड्याळ पाहिले. अरुणाचा हात पान मागे घ्यायला झेपावला. अशा वेळी वादकाला अंधारात सोडायचे नसते, दोन सेकंदांत नजर अडते, हात अडतात.

काही अडले नाही. तिने स्पृहाकडे पाहिले. स्पृहाची नजर पानावर नव्हती. पियानोच्या उघड्या झाकणाच्या काळ्या लाकडावर ती कुठेतरी स्थिरावली होती. आणि ती आत्ता तिथे गेलेली नव्हती, पहिल्या स्वरापासून तिथेच होती, हे अरुणाच्या ध्यानात आले. बोटे वाट चुकत नव्हती. सबंध सोनाटा तिला पाठ होता. कदाचित फेब्रुवारीत तो फोन केला तेव्हाही पाठ होता.

अरुणाने हात मागे घेतला आणि ती हळूच खाली बसली. तो हात कुठे ठेवावा हे तिला काही क्षण कळेना. तिने तो मांडीवर ठेवला. सांत्वन या शब्दाविषयी तिचे जुने मत असे होते की ज्यांना विश्लेषण जमत नाही ते लोक तो वापरतात. तिने समोरच्या पानावर नजर रोखली. तिथे लिहिलेले वाजत नव्हते आणि वाजत होते ते तिथे लिहिलेले नव्हते, म्हणून अखेर तिने नजर काढून घेतली आणि नुसते ऐकले. ती शांतता पुन्हा आली. या खेपेला स्पृहाने ती थोडी लांबवली. अरुणाच्या ओठांचा एक कोपरा हलला. तो कोणाला दिसला नसावा.

तीन मिनिटे गेली. दोन रेघांपाशी स्पृहा थांबली नाही, सरळ विस्तारात शिरली. चौथे पान कधीचे उघडून तयार होते. मग पाचवे. अरुणाची नजर सवयीने ओळींवर परतली होती आणि शेवटची ओळ जवळ येताना तिला दिसत होती. ती उठली नाही. शेवटचे चार ठोके राहिले, तीन राहिले.

स्पृहाने, पानाकडे न बघता, मान हलवली.

अरुणा उठली.