सैल राहिलेली क्लिप

मित्रांनो, मुखेडजवळच्या एका शिवारात शेषेरावांचा गोठा आहे. त्या गोठ्याला लागून एक पांढरी जीप उभी आहे. तिच्या बॉनेटवर उन्हाळ्यात मिरच्या वाळतात आणि मागच्या सीटखाली एक कोंबडी अंडी घालते. ती जीप म्हणजे मी. माझं वय झालं आहे हे खरं, पण मी वयामुळे थांबले नाही. मी का थांबले, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ती नांदेडहून घरी आले ती संध्याकाळ. शेषेरावांच्या पत्नी गुणाबाई यांनी माझ्या चारही चाकांना हळदकुंकू लावलं. त्यांची धाकटी मुलगी उज्वला तेव्हा कडेवर होती. तिनं माझ्या आरशात स्वतःला पाहिलं आणि घाबरून रडू लागली. पुढे तीच उज्वला त्या आरशात पाहून वेणीची रिबीन नीट करू लागली.

मी खूप काम केलं. तुरीची पोती लातूरच्या डाळमिलला नेली. नवऱ्या मुली सासरी पोहोचवल्या. मुखेडच्या आठवडी बाजारातून येताना कुणी हात केला की शेषेराव गाडी थांबवत, आणि आत जागा नसली तर टपावर होई.

माझी दुरुस्ती मात्र एकाच हातानं होत असे. मुखेडच्या बसस्थानकामागे जहांगीरभाईंचं पत्र्याचं गॅरेज आहे. ते पेचकसाचं टोक माझ्या इंजिनावर टेकवत, त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. शेषेरावांना मात्र गप्प बसवत नसे.

“शेषेराव, तुमी जरा गप बसा,” जहांगीरभाई म्हणत. “तिला बोलू द्या. तुमी तर रोजच बोलून राहिले.”

दोघांची मैत्री माझ्याहून जुनी. थंडीत जहांगीरभाईंचं घर हुरडा खायला शेतावर येई. रमजान ईदला शेषेरावांचं घर माझ्यात बसून शिरखुर्मा खायला त्यांच्याकडे जाई. जहांगीरभाईंच्या पत्नी रईसाभाभी उज्वलासाठी एक वाटी वेगळी काढून ठेवत, कारण तिला खारीक आवडत नसे.

एका वर्षी ईदेच्या तोंडावर माझा पाण्याचा पंप गेला. मित्रांनो, इंजिन चालताना फार तापतं. त्याला गार ठेवायला पाणी सतत फिरत राहावं लागतं आणि ते फिरवतो हा पंप. शेषेराव म्हणाले, घाई नाही, सण झाल्यावर करा. जहांगीरभाईंनी ऐकलं नाही. “ईदेला माझ्या दारात येणारी गाडी माझ्याच गॅरेजात पडून राहणार का?” असं म्हणून त्यांनी रोजा असतानाच काम काढलं.

दिवस मावळला. नवा पंप बसला होता. खालचा रबरी पाइप जोडून जहांगीरभाई त्यावरची लोखंडी क्लिप आवळत होते, तेवढ्यात रस्त्यावर पोरांचा गलका झाला, चांद दिसला म्हणून. शेजारचे दुकानदार आत आले, गळाभेटी झाल्या, कुणी खजूर हातात दिला. जहांगीरभाईंनी पेचकस खाली ठेवला. परत आले तेव्हा क्लिप आवळून झाली असं त्यांना वाटलं. ती झाली नव्हती. चूक एवढीच होती. अशी चूक कोणाच्याही हातून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेरावांना माझ्याखालची माती ओली दिसली. आम्हा गाड्यांना तोंड नाही. आम्ही थेंबानं, वासानं, आवाजानं सांगतो. मी थेंबानं सांगितलं होतं. शेषेरावांनी ते वाचलंही. पण घरात सगळे नवे कपडे घालून निघायला तयार होते. ईदेच्या दिवशी मित्राच्या घरी जायचं आणि त्याच्याच कामात खोट काढायची, हे शेषेरावांच्या जिवावर आलं. त्यांनी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि मला सुरू केलं.

शिरखुर्मा खाऊन झाल्यावर जहांगीरभाई दारापर्यंत सोडायला आले. माझ्या बॉनेटवर हात ठेवून त्यांनी विचारलं, “कशी चालून राहिली?”

शेषेराव म्हणाले, “एक नंबर. काहीच तक्रार न्हाई.”

तो हात बॉनेटवर होता, मित्रांनो, आणि क्लिप त्या हाताच्या अगदी खाली होती.

एकदा ‘तक्रार नाही’ म्हटल्यावर पुढे सांगणं आणखी अवघड झालं. रोज सकाळी पाणी घालायचं, असं काही दिवस चाललं. मग शेषेरावांनी मला दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात नेलं. जहांगीरभाईंना कळू नये म्हणून बसस्थानकाचा रस्ता टाळून गेले. तिथल्या मिस्त्रीला, नुकतंच काय काम झालं होतं, हेही त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मित्राचं नाव निघालं असतं. मिस्त्री घाईत होता. त्यानं वरून पाहिलं, रेडिएटर गळतो म्हणाला आणि गळती बंद करायची पूड पाण्यात टाकली. थेंब थांबले. शेषेराव खूश झाले. पण ती पूड माझ्या आतल्या बारीक नळ्यांत हळूहळू साचत गेली. गळणं थांबलं आणि पाण्याचं फिरणंही थांबत आलं.

आमच्या भागात अशी गोष्ट लपत नाही. मुखेडला स्पेअर पार्टचं दुकान चालवणाऱ्या वीरभद्रनं मला त्या दुसऱ्या गॅरेजात पाहिलं आणि जहांगीरभाईंना टोमणा मारला, की तुमच्या जीपनं दुसरं घर धरलं वाटतं. जहांगीरभाई हसले, असं म्हणतात. पण त्यांनीही शेषेरावांना काही विचारलं नाही. त्या थंडीत हुरड्याला त्यांच्या घरचं कुणी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात उज्वलाला लातूरला क्लासला सोडायचं होतं. तिची गादी, पत्र्याची पेटी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सगळं माझ्यात भरलं. शिरूर ताजबंदच्या पुढे तापमानाचा काटा वर चढला. जळका वास आला. मी होतं नव्हतं तेवढं सगळं सांगून पाहिलं. मग आतून खट्ट असा एक आवाज झाला आणि माझं इंजिन जाम झालं. उज्वला एस.टी.नं पुढे गेली. मला दोरानं बांधून घरी आणलं.

शेवटी गुणाबाईंना राहवलं नाही. बाजारात रईसाभाभी भेटल्या तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी जहांगीरभाई आले. त्यांनी थेट बॉनेट उघडलं, वाकले, आणि हात खाली घालून ती क्लिप चाचपली. ती बोटानंच फिरली.

“दोन मिंटाचं काम होतं, शेषेराव,” ते म्हणाले. “मला सांगायचं न्हाई?”

“सणाचा दिवस होता, भाई. म्हणलं, तुमचं मन दुखंल.”

“मग आता न्हाई दुखलं?”

जहांगीरभाईंनी खिशातून पेचकस काढला आणि क्लिप आवळली. पार शेवटपर्यंत आवळली. बंद पडलेल्या इंजिनाला त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मग हात पुसले आणि गुणाबाईंनी आणलेला चहा न घेता ते निघून गेले.

मित्रांनो, माझं इंजिन गेलं याचं मला फार दुःख नाही. लोखंड कधीतरी झिजतंच. दुःख याचं आहे की दोन चांगली माणसं एकमेकांना जपता जपता दूर गेली. म्हणून म्हणते, कुणाच्या हातच्या कामात उणं दिसलं, तर आधी त्याच्याकडेच जा. काय दिसलं, कधीपासून दिसलं, ते शांतपणे सांगा. त्यात त्याचा अपमान नाही. दुसऱ्याच्या दारी गेलात, तरी आधी काय काम झालं ते लपवू नका.

गुणाबाई मिरच्या पसरताना शेजारणीला सांगत होत्या, की शेषेराव बाजाराच्या दिवशी अजूनही जहांगीरभाईंच्या गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत जातात, थोडा वेळ उभे राहतात आणि परत फिरतात.

तुम्ही त्या कोपऱ्यावरून परत फिरू नका. आत जा.