कॅसेटमधली हाक

जावयाची चूक पोटात घालायची, हे दगडाबाईला मान्य होतं. पण ह्या इंद्रजीतनं चूक पोटात मावंल एवढी तरी करायची का? दिवाळीला आला, कपाटातली कॅसेट मागून नेली, आन् आता अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला हात हलवत दारात उभा. वर बूट काढता काढता विचारतो, "मामी, गुडघं काय म्हणत्यात?"

"गुडघं बोलत न्हाईत. बसा."

सुनेला, सरपंचाला, कारखान्याच्या डायरेक्टरलासुद्धा तिनं तोंडावर सुनावलं होतं. पण जावयाला टाकून बोलायची पाटसच्या ह्या घरात रीत नव्हती.

कॅसेट तशी बाजारात मिळणारी, साधी गाण्यांची. तिचा नवरा, संपतराव, बॉयलरवर कामाला होते तेव्हा त्यांनी आणलेली. एका गाण्यात गडी बायकोला नावानं हाक मारायचा. संपतरावांनी वरून पुन्हा भरता यावं म्हणून कॅसेटच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला, टेपची रेकॉर्डिंगची लाल खटकी दाबली आन् नेमकी त्या जागी स्वतःची हाक भरली. "दगडे, चल की गं." गाणं तेवढ्यापुरतं तुटायचं, हाक यायची, हाकेमागं कारखान्याचा भोंगा, की गाणं पुन्हा सुरू. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईबापानं तिचं असलं नाव ठेवलेलं. ते कुणी गाण्यात घालील असं तिला सपनातही वाटलं नव्हतं. "चांगल्या गाण्याची माती केली," असं ती तेव्हा म्हणाली खरी; पण संपतराव वारल्यावर दार लोटून तेवढंच ऐकत बसायची. मग टेप बिघडला, दुरुस्त करणारा कुणी मिळेना, आन् इंद्रजीत म्हणाला, मोबाईलात भरून देतो.

भरलं, पण नेटवरच्या आपल्या चॅनेलवर. अख्खी कॅसेट. 'मामांचं गाणं' म्हणून चार लोकांनी वाहवा केली, आन् महिन्याभरात सगळं गायब.

तिनं ताटात धोंडे वाढले, वर तूप सोडलं.

"त्या गाण्यांच्या कंपनीनं काय केलं म्हणं?"

"आये, जेवू दे की त्यांना आधी," लेक अनिता म्हणाली.

"मी काय हात धरलाय व्हय?"

इंद्रजीतनं घास गिळला. "गाणी कंपनीची हायेत मामी. त्यांनी तक्रारी टाकल्या. तीन झाल्या की चॅनेलच बंद करत्यात."

"गाणी त्यांची, न्यावी त्यांनी. मधली हाक कुठल्या कंपनीची?"

"तसं निवडून काढत न्हाईत. मी लिहिलं ना इंग्लिशमधी, की मामांनी घरच्यापुरतं बदललंय. उत्तर आलं, बदलायची परवानगी दाखवा."

"त्या माणसाला फोन लावा. मी बोलते."

"तिकडं माणूस न्हाई. गाणं मशीनच ओळखतं, उत्तरबी मशीनच देतं."

उभ्या जन्मात दगडाबाईनं माणसांची तोंडं बंद केली होती. मशीनला काय सुनावणार?

"तुमच्या मोबाईलात असंल की."

"चॅनेलवर हाय म्हणून पुसलं. जागा न्हवती."

"आन् कॅसेट?"

इंद्रजीतनं बायकोकडं पाहिलं. अनितानं मान खाली घातली.

"शिरूरच्या दुकानात भरून झाल्यावर पट्टी तुटली. दुकानदारानं टाकून दिली. मला वाटलं, नेटवर आलंय, आता कशाला पायजे."

तुपाची वाटी हातातच राहिली. हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

"पण मामी, तेच गाणं ओरिजिनल मिळतंय," तो घाईनं म्हणाला. "एकदम क्लिअर. ऐका तर." डाव्या हातानं मोबाईल काढून त्यानं लावलंसुद्धा.

आवाज खरंच स्वच्छ होता. कुठं खरखर नाही, कुठं तुटलं नाही. ती जागा आली. गड्यानं भलत्याच बाईला हाक मारली, आन् गाणं पुढं गेलं.

दगडाबाईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग वाटी खाली ठेवली.

"जावईबापू, त्यांनी गाणं मोडलं ते ह्या चार भिंतींत, आन् ऐकवलं एका बाईला. त्यात कुणाचं काय गेलं न्हवतं. तुमी ते चव्हाट्यावर मांडलं. कंपनीला मी कशी नावं ठेवू, ती तिचं घेऊन गेली. माझं मातर तुमी टाकून आलात."