शिक्षा द्याल ना?

कान तुटलेला कप... काकूंनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. भोपाळच्या पेटीत घालायचा की वाईच्या गाठोड्यात, हे त्यांच्या हातांना ठरत नसावं, असं मधुसूदनला वाटलं. तोंडानं मात्र त्यांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. "तू जा भोपाळला. मी वाईला, भावाकडे. माझं काम संपलं."

काम! ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत झाला, आता मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश. कचेऱ्या भोपाळला निघाल्या, मागोमाग मधुसूदनसारखे कारकून निघाले, आणि ह्या बाईंचं म्हणे काम संपलं. भाऊ कसला? काका गेल्यावर त्यानंच काकूंना दारातून परत फिरवलं होतं.

वडील आधीच गेलेले; आई मरताना ह्याच काकूंचा हात धरून म्हणाली होती, "विजयाबाई, माझ्या मधूला शिक्षा द्याल ना?" आई ग्वाल्हेरातच जन्मलेली, तिच्या मराठीत हिंदी मुरलेली, शिक्षा म्हणजे तिच्या लेखी शिक्षण. काकू वाईच्या. मरती आई असलं का मागते, हे त्यांना कळेना. पण 'देईन' म्हणाल्या—आणि दिली! रोज दिवेलागणीला मधूला कान धरून भिंतीशी उभं करायच्या, आणि शेजारी स्वतःही कान धरून उभ्या राहायच्या, कारण काही न केलेल्या पोराला एकट्याला कसं उभं करायचं?

मग एकदा शेजारच्या पंडितजींनी विचारलं, "बहनजी, लड़के की शिक्षा का क्या सोचा?"

"रोज देते की!"

सगळा जयेंद्रगंज मोहल्ला पोट धरून हसला. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्याला शाळेत घालून आल्या, लोकांघरचा स्वयंपाक धरला, आणि तो बी.ए. होईपर्यंत सोडला नाही.

मायेची माणसं तेव्हा कुठं होती? नया बाजारातल्या मावशा त्याला छातीशी धरून रडायच्या, मुके घ्यायच्या—आणि पानं मांडायची वेळ झाली की, "जा हं राजा, काकू वाट बघत असेल." थू त्या मायेवर! काकूंनी कधी कुरवाळलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माया ते मला ठाऊक नाही. शब्द दिलाय."

कॉलेजात प्राध्यापक एका जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं सांगत होते की आवडीनं केलेल्या चांगल्या कामाला नैतिक मोल नाही. मन ओढ घेत नसतानाही कर्तव्य म्हणून केलं, तर आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "यानी माँ के प्यार को ज़ीरो नंबर?" वर्ग हसला. मधुसूदनला मात्र वाटलं... कुठल्या परक्या मुलखात बसून कुणीतरी माझ्या काकूंना ओळखत होतं!

"काकू, चला ना भोपाळला."

"कशासाठी?"

"माया आहे म्हणून."

"उद्या तुझी बायको येईल. आटली माया, तर?"

तो चिडला. इतकी वर्षं झाली, आणि ही बाई अजून... पण राग तोंडापर्यंत येण्याआधीच विरघळला. ज्या बाईनं त्याचं एका दिवसाचं जेवणही मायेच्या भरवशावर सोडलं नाही, तिनं मायेच्या भरवशावर गाडीत का बसावं?

"आटली, तरी तुम्ही माझ्याकडंच राहायचं."

"तरी?"

"तरी."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बोलायला बरा शिकलास," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या. हा होकार, की टोमणा?

आणि आपण तरी हे प्रेमानं बोललो, की कर्तव्यानं? त्याला उमगेना. काकूंनी आपल्याला कशानं वाढवलं, हे इतकी वर्षं डाचत होतं, तेही आता डाचेना. शब्द तर बाहेर पडला होता. माया राहो, आटो, पुन्हा येवो, तो आता माघारी घेता येणार नव्हता... खांद्यावर काहीतरी जड येऊन बसलं होतं, आणि त्या जडपणानंच त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण कुणाचे तरी आहोत.