सोमवार, गुरुवार आणि एक शनिवार

"तुज्या पोरीला भाईर बोलाव, रज्जाक. आन फोन घिऊन यायला सांग तिला."

मी दुकानाच्या पायरीवरूनच ओरडलो. रज्जाकने तराजूतली साखर तशीच सोडली. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. त्याची रुखसार आणि माझी अपेक्षा बालवाडीपासून एकमेकींना चिकटलेल्या, आता दोघी लोणावळ्याच्या कॉलेजात बारावीला. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन महिने कुणीतरी नाव लपवून माझ्या पोरीला फोनवर घाण घाण लिहीत होतं. झाडूसारखी वेणी. म्हैस निघाली नर्स व्हायला. आणि परवा तर कहरच केला, जन्मली आणि आईला खाल्लं म्हणे.

अपेक्षाची आई बाळंतपणात गेली. कॉलेजात ही गोष्ट फक्त रुखसारला ठाऊक होती. मग दुसरं कोण असणार?

"काका, मी न्हाई हो," रुखसार रडायलाच लागली. "मलाबी येत्यात तसलेच मेसेज. अपेक्षा माज्या माघारी काय काय बोलती, ते लिवलेलं असतं."

"खोटं बोलू नगस!"

रज्जाकने माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे, आणि माझ्यादेखत तिच्या दोन थोबाडीत दिल्या. मी त्याचा हात धरला नाही. उलट बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मेसेज काही थांबले नाहीत. अपेक्षाने कॉलेजला जाणं सोडलं. फोन बघू नको म्हटलं तरी ऐकायची नाही. रेंज येते त्या गाडीथांब्यापर्यंत चालत जायची आणि डोळे सुजवून परत यायची.

मी कुरवंड्याला एका मुंबईवाल्यांच्या बंगल्याचा केअरटेकर. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही तिघं राहतो, मी, अपेक्षा आणि माझी थोरली बहीण नंदाबाई. मूल होत नाही म्हणून अक्काला नवऱ्याने टाकली. माझी बायको गेली तेव्हा अक्कानेच तान्ह्या पोरीला पदराखाली घेतलं. एवढी घोडी झाली तरी रोज सकाळी पायरीवर बसवून तिची वेणी अक्काच घालायची.

पोर रडत आली की अक्का तिचं डोकं मांडीवर घ्यायची. "जाऊ दे गं बाय. नगं ते कॉलेज आन नगं ते पुण्याचं हॉस्टेल. मी हाय न्हवं तुला?" नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. सहावीपासून नर्स व्हायचं म्हणणारी माझी पोर आता त्याचं नावसुद्धा काढत नव्हती.

कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं, मेसेजची तारीख, वार, वेळ लिहून ठेवा, पोलिसांना दाखवता येईल. अपेक्षाने वहीच्या पानावर सगळं नीट लिहिलं होतं. गुरुवारी बंगल्याचं काम उरकून चौकीत जावं म्हणून ते पान मी खिशात घातलं. बंगल्यात गेलो, विजेचा मेन टाकला आणि मीटरपाशीच उभा राहून वाचायला लागलो.

सोमवार, अकरा दहा. गुरुवार, अकरा पंचवीस. सोमवार. गुरुवार. सोमवार. अरे, हे तर माझे वार!

बंगला रिकामा असला की मेन बंद ठेवायचा, अशी मालकांची सक्त ताकीद. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मी मेन टाकतो, खिडक्या उघडून वारा खेळवतो, आणि अक्का वरच्या खोल्या पुसते. मेन टाकला की वायफाय चालू होतं. एरवी आमच्या त्या वळणावर फोनला रेंज औषधालाही मिळत नाही. पानावर एकच शनिवार होता. त्या आठवड्यात मालकांचे पाहुणे यायचे होते, म्हणून आम्ही गुरुवारऐवजी शनिवारी बंगला उघडला होता.

अक्काच्या फोनमध्ये वायफायचा पासवर्ड अपेक्षानेच घालून दिला होता. मराठीत लिहायलाही तिनेच शिकवलं होतं, अक्काचं बोट हातात धरून.

मी जिना चढलो. बादली बाजूला ठेवून अक्का फरशीवर बसली होती. चष्मा नाकावर, फोन हातात.

"कुणाला लिवतीस, अक्का?"

ती दचकली. मी हात पुढे केला. जरा वेळाने तिने फोन दिला. मेसेज अर्धाच लिहून झाला होता. वेणी घालायला अजून आत्या लागते, आणि. एवढंच.

"अक्का, आपली पोर हाय गं ती!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "पुण्याला गेली म्हंजी परत येती व्हय? वरीस झालं, माज्यासंगं धड बोलत न्हवती. सारकी रुखसार, सारकं कॉलेज. आता बघ की, माज्या मांडीवर डोकं ठिवून निजती."

"आन तिच्या मेल्या आईला काढलंस ते? रुखसारचं नाव यावं म्हणून?"

अक्काने पदर तोंडाला लावला. "त्ये नगं व्हतं लिवायला," एवढंच म्हणाली.

तिच्या कानाखाली ओढावीशी वाटली, आणि तिच्याच गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. फोन विहिरीत टाकून गप्प बसावं, असंही मनात आलं. कुणाला कळणार होतं? पण मग रुखसारच्या गालाचं काय? आणि माझी पोर जन्मभर कॉलेजातल्या एकेकीच्या तोंडाकडे संशयाने बघत राहिली असती. दुपारी मी अपेक्षाला सगळं सांगितलं.

"वेणीचंबी आत्यानंच लिवलेलं?" तिने विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

संध्याकाळी रज्जाककडे गेलो, हात जोडले. तो म्हणाला, "तुज्या शब्दावर पोरीला मारलं मी, सीताराम. तुज्यावर जेवढा इस्वास ठिवला, तेवढा तिच्यावर न्हाई ठिवला. आता तिला काय सांगू?" त्याने चहाचं विचारलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अक्का रोजच्यासारखी तेलाची बाटली आणि फणी घेऊन पायरीवर बसली. रात्रभर ती झोपली नव्हती. अपेक्षा कॉलेजचे कपडे घालून बाहेर आली. तिने फणी हिसकावली नाही, अलगद अक्काच्या हातातून घेतली. बंगल्याच्या खिडकीच्या काचेसमोर उभी राहिली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःची वेणी घातली. पेड हातातून सुटत होते. दोनदा सोडून पुन्हा घातली. भांग वाकडा पडला होता.

"पप्पा, चला. फॉर्म भरायचाय. आदी रुखसारकडं जाऊ."

"बाय," अक्का मागून म्हणाली, "मागनं बट सुटलीया गं." तिचे हात आपसूक वर उठले होते.

अपेक्षा थांबली. हात मागे नेऊन तिने बट चाचपली, वेणीत खोचली. मग वळून आली, फणीतले केस काढले, आणि अक्का रोज ठेवायची तशी फणी पुसून तिच्याशेजारी पायरीवर ठेवली. अक्काकडे न बघता ती फाटकाकडे चालू लागली.