बाच्या कानाला चिकटलेला मोबाइल

दोन हजार सहा साली उत्तमसिंगकाकानं आखाडा बाळापूरच्या बाजारातून मोबाइल आणला. आमच्या बंजारा तांड्यातला तो दुसरा. पहिला तांड्याच्या प्रमुखाकडे, नाईकांकडे होता, पण त्यांना आलेला फोन उचलता येत नव्हता, म्हणून मान काकालाच मिळाला. त्याच सुमारास त्याच्या पोरीचं, निताचं, लग्न ठरलं आणि मोबाइल काकाच्या कानाला असा चिकटला की आंघोळही तो एकाच हातानं करू लागला. जेवताना हॅलो, धार काढताना हॅलो. आपल्याशीच बोलतोय की काय म्हणून म्हशीनंही एकदा मान वळवून पाहिलं.

आमच्यात लग्नाच्या दिवसांत नवरी ढावलो गाते. घरातल्या एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि सूर लावून रडत सांगायचं, तू मला असं वाढवलंस, आता कुठं धाडतोस. शब्द ज्याचे त्यानं जोडायचे. पोरींना हे शिकवायची तांड्यातली म्हातारी रुख्मिणीबाई. तिचा कायदा कडक होता.

"बापाचा ढावलो ऱ्हायला, तर पोरगी अर्धीच सासरी जाती. अर्धी हितंच घुटमळती."

निताला अर्धी जायचं नव्हतं. तिनं याडीसाठी, म्हणजे आईसाठी, गायलं. भावांसाठी गायलं. मी तिची चुलतबहीण, माझ्या गळ्यात पडून तर अशी रडली की माझी नवी ओढणी वाया गेली. बापाजवळ गेली की मात्र काका बोट वर करायचा आणि पाठ फिरवायचा.

"बा, घडीभर बस की," ती म्हणायची.

"बसून कसं भागंल बाई? मंडपवाला आजून वारंगा फाट्यावरच चहा पिऊन राहिला."

"माझं लगीन मंडपवाल्यासंगं हाय का?" हे ती मला विचारायची. बापाला विचारायची तिची हिंमत नव्हती.

मग आम्ही दोघींनी तो मोबाइल ज्वारीच्या कणगीत पुरला. दुपारी कणगी वाजू लागली. काकानं खांद्यापर्यंत हात घालून तो उपसला, फुंकर मारली, कानाला लावला आणि पलीकडच्याला म्हणाला, "बोला, जरा धान्यात होतो." आमच्यावर तो रागावलाही नाही. रागवायला तरी माणसाकडं बघावं लागतं, आणि त्याला तेवढीही फुरसत नव्हती. मला मात्र त्याचा असा संताप आला होता की लग्नात त्याच्या ताटात लाडू वाढायचा नाही, हे मी ठरवून टाकलं.

लग्न लागलं. पाठवणीची जीप येऊन उभी राहिली. निता एकेकाच्या गळ्यात पडत, गात गात पुढं सरकत होती. काका लिंबाखाली पाठमोरा उभा. "हां, हां. आली जीप. न्हाई न्हाई, तुमी बोला, मी ऐकून राहिलो." नवरदेवाकडची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. काकू नजरेनं नवऱ्याला जाळू पाहत होती.

निता सरळ लिंबाखाली गेली. बापाच्या हातातून तिनं मोबाइल काढून घेतला. पण ती बापाच्या गळ्यात पडली नाही. तिनं मोबाइललाच छातीशी धरलं आणि सूर लावला. गाणं आमच्या बोलीत होतं, मराठीत सांगायचं तर असं:

"मोबाइला रे, तू माझ्या बापाचा लाडका,
तुला तो उशाशी घेतो, मला जीपमधी बसवतो.
तू रडलास की जेवता जेवता उठतो,
मी रडले तर म्हणतो, लाइन लागली न्हाई."

सगळा तांडा हसला. रुख्मिणीबाई तर हसता हसता खालीच बसली. काकूनं तोंडात पदर कोंबला.

आळवायला म्हणून नितानं मोबाइल तोंडासमोर धरला आणि तिचा सूर तुटला. लोकांना वाटलं, शब्द विसरली. मी जवळच होते, मला दिसलं. पडदा काळाठिक्कर होता. आदल्या दिवसापासून तांड्यात लाइट नव्हती आणि मोबाइल कधीचाच मेला होता. काका इतका वेळ कोणाशीच बोलत नव्हता.

तो जीपच्या टायरकडं बघत होता आणि त्याच्या मिशा थरथरत होत्या. रुख्मिणीबाईचा कायदा त्यानंही ऐकला होता. पोरगी अर्धी तरी मागं राहावी, एवढंच त्या खुळ्या माणसाला हवं होतं. माझा सगळा संताप तिथंच विरघळला. मला त्याची फार माया आली.

निताला तो मेलेला मोबाइल सगळ्यांना दाखवता आला असता. तिनं तो कानाला लावला.

"हॅलो, उत्तमसिंग हाईत का घरी? मी त्यांची पोरगी बोलून राहिले."

काकानं रिकामाच हात कानाशी नेला.

"हाय," तो म्हणाला. "घरीच हाय. बोल बाई."

मग ती बापाच्या गळ्यात पडली, आणि काका एवढ्या मोठ्यानं रडला की तिचा ढावलो कोणाला ऐकूच आला नाही.