उतारावरचे पांढरे

"मोठा पांढरा पक्षी. उतारावर बसलेला. जात अनिश्चित." बेटावर पक्षी मोजायला निघालेल्या मॅडमनी जुन्या साहेबांच्या कागदावरून वाचलं आणि मान वर केली. "काका, हा तुम्ही पाहिला असेलच."

भोंगाकाकांना चहाचा असा ठसका लागला, की सुकाणू सुटतंय की काय! त्यांचा आवाज धक्क्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, म्हणून हे नाव पडलेलं.

"बघितलाय की," ते कसंबसं म्हणाले.

"अकरा होते. मग नऊ, मग सहा, गेल्या साली तीन. संपत चाललेत बिचारे! माणसांच्या वावरानं बिचकत असणार. आज नीट पाहते आणि पुढच्या वर्षापासून बेटावर पाऊल ठेवायला सगळ्यांनाच बंदी घालायला सांगते. तुम्हालासुद्धा, काका."

घ्या! ताडपत्रीखाली चुन्याची बादली होती, ती काकांनी पायानं आणखी आत ढकलली.

चूक तशी जुन्या साहेबांची. वर्षातून एकदा ऑफिसचा माणूस पक्षी मोजायला यायचा आणि भोंगाकाकाच त्याला बोटीनं न्यायचे. साहेबांना बोट लागायची. ते आडवे पडल्या-पडल्याच दुर्बिणीतून मोजायचे आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात काका बादली घेऊन वर जाऊन यायचे. साहेब काय लिहितात, हे विचारायची वेळच आली नव्हती.

या मॅडमना मात्र बोट-बिट काही लागत नव्हतं. खडकाला बोट टेकताच त्यांनी उडी मारली. ओस पडलेल्या वस्तीत कुरवांनी, त्या किनाऱ्यावरच्या समुद्रपक्ष्यांनी, नुसता गोंधळ घातला होता. शाळेच्या खिडक्यांत घरटी, चुलींत अंडी. एक कुरवबाई तर काकांच्याच जुन्या घराच्या चुलीवर ठाण मांडून बसली होती आणि त्यांच्यावरच ओरडत होती. "बस बाई, बस, घर तुझंच," काका म्हणाले. मॅडमनी दोनशे बारा कुरव मोजले. गेल्या सालापेक्षा चाळीस जास्त.

मग त्या उताराकडे वळल्या आणि चक्क पोटावर झोपल्या. कॅमेरा पुढे धरून सरपटू लागल्या. मागून काका.

"मॅडम..."

"शू! उडेल."

"मॅडम, तो उडायचा नाही."

"काका, हळू! तुमचा आवाज..."

"अहो, दगड आहे तो!"

अख्खं बेट दणाणलं. दोनशे कुरव आभाळात गेले. पांढरा जागचा हलला नाही.

मॅडम उठून बसल्या. कोपरं खरचटलेली, केसांत काटे. आता आपली काही खैर नाही, असं काकांना वाटलं. मग म्हटलं, बेट सुटणारच आहे तर खरं सांगून जाऊ.

बेटावर अठरा वर्षं पुरी झाली, की उतारावर आपल्या नावाचा दगड मिळायचा. दरवर्षी घरच्या माणसानं त्याला चुना द्यायचा. समुद्रावरून परतणाऱ्याला आपली माणसं लांबूनच दिसायची. माणूस गेलं, की चुना थांबवायचा. कोण गेलं ते किनाऱ्याला लागण्याआधी कळायचं. शेवटचा दगड काकांना मिळाला, त्याच वर्षी विहीर खारी झाली आणि सगळे तीन खेपांत मुख्य किनाऱ्यावर निघून गेले. पुढेपुढे येणारे एकटे काकाच उरले, म्हणून हयात असलेल्यांच्या दगडांना तेच चुना द्यायचे.

"म्हणजे हे तीन..."

"एक माझ्या ताईचा. एक मास्तरांचा, लेकाकडे असतात ते. आणि एक सुईणीचा. नव्वदीला टेकलीय, मला अजून शिव्या घालते. तीच बघा माझी सुईण."

मॅडम एकदम हसायलाच लागल्या. "साहेबांना इतकी वर्षं चुना लावलात, काका!"

"त्यांना नाही हो, दगडांना."

"आणि तुमचा कुठला?"

काकांनी बोट दाखवलं. दगड करडा पडलेला, त्यावर शेवाळ.

"अहो, पण तुम्ही तर जिवंत आहात!"

"आपला आपण रंगवायचा नाही, अशी रीत आहे. ताई रंगवायची. तिचे गुडघे गेले, तिला इथे चढवत नाही. बेटाच्या हिशेबी मी वारलोय." हे त्यांनी हसत सांगितलं खरं, पण आवाज कधी नव्हे तो खाली गेला. सोसत नव्हतंच त्यांना ते. दर वर्षी बोट वळवताना ते तिकडे पाठ करायचे.

मॅडमनी हात पुढे केला. "बादली कुठंय?"

"बादली? कसली बादली?"

"ताडपत्रीखालची. आल्यापासून लाथा मारताय तिला."

तिघांना काकांनी चुना दिला. चौथ्याचं शेवाळ मॅडमनी खरवडलं आणि चुन्याचे दोन हात दिले. एवढं होईपर्यंत काका समुद्राकडे तोंड करून उभे होते, आणि नाक पुसत होते.

बोटीत मॅडमनी बंदीची ओळ खोडली. खाली लिहिलं, 'ते पांढरे दगड आहेत, चार. पक्ष्यांना त्रास नाही. वर्षातून एकदा चुना देणे आवश्यक.'

घरी ताई पाय लांब करून दारातच बसली होती. दर वर्षी ती एकच प्रश्न विचारायची.

"किती?"

"चार."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. पदरानं गुडघा उगीचच झटकला.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "हात धू. जेवायला बस."