आधी कोणी हात घातला होता?

मास्तरांच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असे. कार्डावर चार रकाने. चौथा रकाना मास्तरांचा लाडका. तो ते सगळ्यात शेवटी, सावकाश, चवीनं भरत.

रकाना पहिला: तक्रार

‘ओठाला झटका बसतो.’

तक्रार मेहुण्याची, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या थोरल्या भावाची. यंत्रही त्याचंच: गिटारचा जुना, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. एका हातानं उचलायला गेलं तर कंबर धरावी, असा. बोटं गिटारच्या तारांवर ठेवून तोंड माइकजवळ नेलं की ओठाला चटका. कधीपासून, असं विचारल्यावर मेहुणा म्हणाला की बरीच वर्षं झाली, त्याला वाटायचं गाणाऱ्यांचं असंच असतं. परवा मात्र झटका असा बसला की तो मागच्या ड्रमवर जाऊन आदळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे त्याला शंका आली.

इतकी वर्षं दुकानात आणला नाही, कारण या यंत्राला काही होऊ शकतं हेच त्याला मान्य नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी हे घरघरायचं. तिघा कारागिरांनी हात टेकले होते. मग एक काटकुळा तरुण आला, यंत्राची पाठ उघडली आणि पाच मिनिटांत घरघर बंद. मेहुण्यानं खूश होऊन त्याला घरी चहाला नेलं. चहा घेऊन बहीण आली. पुढचं सांगायला नको. नातलगांत ही गोष्ट दर लग्नात निघे, आणि अलीकडे पाच मिनिटांची तीन झाली होती.

रकाना दुसरा: उघडल्यावर काय दिसलं

नियम बायकोचा: मागचं झाकण काढलं की आधी फोटो, मग हात. ‘हा स्क्रू आमचा नव्हताच’ म्हणणारी गिऱ्हाइकं तिनं पुष्कळ पाहिली होती. तिनं मोबाइलवर चार फोटो काढले आणि ती गल्ल्यावर जाऊन बसली.

मास्तरांनी डावा हात खिशात घातला. असल्या यंत्रात प्लग काढल्यावरही वीज दबा धरून बसते. दोन्ही हात आत घालणाऱ्याचं काळीज ती मधल्या वाटेनं गाठते. एका हातानं त्यांनी मोठ्या कॅपॅसिटरमधली वीज उतरवली, मीटर लावून खात्री केली आणि मग पाहिलं. मेनलाइन आणि लोखंडी अंग यांच्यामधला छोटा कॅपॅसिटर गळका झालेला. फ्यूज हवा त्याच्या चौपट. आणि अर्थिंगची हिरवी तार, जिनं वाट चुकलेली वीज जमिनीत न्यायची, तीच तोडलेली. टोकाला काळी टेप, अगदी नीट गुंडाळून.

मास्तरांना आनंदाची उकळी फुटली. भिंतीवर त्यांची एक फळी होती, वर लिहिलं होतं: पराक्रम. तिच्या खिळ्यांवर दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त्या टांगलेल्या. फ्यूजच्या जागी लावलेला खिळा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज. कानशीनं अर्थिंगची पिन उडवलेला प्लग. प्रत्येकाखाली करणाऱ्याचं नाव, आणि गिऱ्हाइकाला ते वाचून दाखवताना मास्तरांचा आवाज कीर्तनकारासारखा चढे. अर्थिंग तोडणारा माणूस खुनीच, फक्त त्याला घाई नसते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांनी टॉर्च जवळ नेला. तुटक्या तारेशेजारी पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘घरघर घालवली.’ खाली तारीख. त्याखाली सही. पहिलं अक्षर मोठं, शेवटाला वेलांटीसारखा झोका. कार्डाच्या तळाशी रोज होते तीच.

मास्तरांनी गल्ल्याकडे पाहिलं. बायको हिशेबात होती. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला.

रकाना तिसरा: केलेलं काम

‘नवी तीन तारांची केबल. अर्थिंग स्वतंत्र बोल्टनं अंगाला घट्ट. गळका कॅपॅसिटर काढला. वाळलेले मोठे कॅपॅसिटर नवे. फ्यूज योग्य. गळती तपासली: सुरक्षित.’

आतली साफसफाई लिहिली नाही.

चौथ्या दिवशी मेहुणा आला. त्यानं गिटार लावली, बरोबर आणलेली आवाज घुमवायची पेटी जोडली, बटण दाबलं. घरघर. मोठी नाही, पण एकतीस वर्षांनी माहेरी आल्यासारखी. अर्थिंग यंत्रालाही, पेटीलाही. जमिनीकडे दोन वाटा झाल्या की वीज त्यांच्यातच घुटमळते; दोघांचं जमत नव्हतं.

मेहुणा समजूतदार माणूस. तो म्हणाला, वय सगळ्यांचंच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पूर्वी पाच मिनिटांत घालवलेली घरघर दाजींनी आता चार दिवस खपून परत आणली, एवढंच. पुढच्या गल्लीतला टीव्हीवाला म्हणतो, एक हिरवी तार कापली की गप्प होतं. शनिवारी कार्यक्रम आहे, तेव्हा जाता जाता त्याच्याकडून कापून घेतो.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे शनिवार आला. माइक आला, ओठ आला.

“दादा, तीच तार मी कापली होती,” ते म्हणाले. “तेव्हा. पाच मिनिटांत.”

मेहुणा आधी हसला, मग त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“दाजी, आज जमलं नाही म्हणून जुन्या कर्तबगारीवर पाणी ओतू नका.”

मास्तर शपथेवर आले. आत सही आहे म्हणाले. भरभर स्क्रू काढले, टॉर्च मारला. पत्रा आरशासारखा लखलखत होता.

“मीच पुसली,” मास्तर म्हणाले.

मेहुण्यानं बहिणीकडे असं पाहिलं, जसं आजाऱ्याच्या घरच्यांकडे पाहतात. तो केबल गुंडाळायला लागला.

बायकोनं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. तार, टेप, पेन्सिल, तारीख, झोका.

“मी सोमवारी फोटो काढला तेव्हापासून वाट बघतेय,” ती नवऱ्याला म्हणाली. “म्हटलं, बघू तरी. पाच मिनिटांत सांगतील असं वाटलं होतं.”

मेहुण्यानं मोबाइल जवळ ओढून फोटो पाहिला. मग त्याचा हात आपोआप ओठाकडे गेला.

“आणि मी यांना चहाला नेलं,” तो म्हणाला.

रकाना चौथा: याआधी कोणी हात घातला होता?

मास्तरांनी पेन उचलला, पण कार्ड बायकोनं ओढून घेतलं. तिनं संसारात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि आता सुरुवात करायचं कारण तिला दिसलं नाही. तिनं लिहिलं: ‘आमचे हे.’

मग तिनं कचऱ्याच्या डब्यातून टेपसकट हिरवा तुकडा शोधला आणि फळीवर मधोमध, दारातून दिसेल असा टांगला.

मेहुण्यानं घरघरणारा अ‍ॅम्प्लिफायर तसाच न्यायचं कबूल केलं. कार्डाच्या तळाशी कारागिराची सही लागते. ती मास्तरांनी केली, आणि मेहुण्यानं मोबाइल शेजारी धरून, झोक्यासकट, ताडून घेतली.